लहान पेशीच निघाल्या

प्रिय शालूताईस मंदाचा नमस्कार,

तुझी नात ईश्वरी इथे नागपुरात बरी जेवते आहे. "आजीनं माह्या बकरीले पाला टाकला का?" असं रोज विचारते. टाकतेस ना?

तिचा रक्ताचा कॅन्सर कोणता, ते कळलं. हाडांतल्या मज्जेतल्या कोवळ्या पांढऱ्या पेशी दोन तऱ्हेच्या असतात; यांतली एक बिघडून बेसुमार वाढते, तोच हा कॅन्सर. एक मोठी, पोटात दाणे असलेली. दुसरी लहान, बिनदाण्यांची. लहानपणी आपण निंदताना तण समजून तूर उपटली, तशी चूक इथे चालत नाही. दोघींची औषधं निराळी.

लॅबमधल्या जुन्या सवयीने मीही सूक्ष्मदर्शकातून तीनदा पाहिलं. लहानच आहेत. यातून मुलं पुष्कळदा बरी होतात, असं डॉक्टर म्हणाले.

सोमवारी औषध सुरू होईल. मग केस गळतील. त्याआधी ये आणि तिची वेणी तूच घाल. रडायचं ते माझ्याजवळ रड.

तुझी,
मंदा