तळघराच्या जिन्याला आधार

मंगळवार, १४ तारीख

प्रिय अक्का,

नमस्कार. भावोजींचा गुडघा आता कसा आहे? इकडे सगळं ठीक. ठीक म्हणजे, तळघराचा जिना काढून टाकलाय. ओल लागून खालचं लाकूड असं कुजलं होतं की सुताराने पेचकस टेकवला तर लोण्यात गेल्यासारखा आत गेला. आता पॅसेजमध्ये नुसतं भगदाड आहे आणि त्यावर दोन फळ्या. फोन तिथेच शेजारी. वर बोललेला शब्द न् शब्द खाली ऐकू जातो, म्हणून हे पत्र.

जिना मध्ये वळतो ना, तिथे छोटा चौथरा आहे. त्याला आधार कशाचा द्यायचा, यावर घोडं अडलंय. भिंतीत बोल्ट मारून चौथरा त्यावर टेकवता आला असता, पण सुताराने भिंतीवर टकटक केलं आणि गिलावा भुरुभुरु त्याच्या डोक्यावर पडला. ते तिथेच संपलं. राहिले दोन. खालून खांब लावायचा, नाहीतर वरच्या तुळयांना लोखंडी सळयांनी चौथरा टांगायचा. टांगायचा तर तुळया आधी मजबूत करायला हव्यात. त्या बरोबर माझ्या खोलीखाली. म्हणजे जमीन उचकटा, पलंग बाहेर, कपाट बाहेर, आणि मी दिवाणखान्यात सतरंजीवर.

मी म्हटलं, टांगा.

"काकू, खांब सरळ पडतो. काम लवकर होईल."

"खांब नको."

"का पण?"

का ते त्याला सांगितलं नाही. तुलाही इतके दिवस कुठे सांगितलंय? खांब जिथे येतो तिथे यांची कॉट आहे.

हे खाली झोपतात, अक्का. थंडीत खोकला झाला होता, माझी झोप मोडायला नको म्हणून गेले. खोकला गेला. मग रेडिओ खाली गेला, टेबलावरचा दिवा गेला, चष्म्याचं घर गेलं. भांडण झालं असतं तर बरं होतं, निदान काय मिटवायचं ते तरी कळलं असतं. ते वर आले नाहीत, मी या म्हटलं नाही. मला वाटलं, रमलेत खाली. रमलेल्या माणसाची कॉट मी कशाला हलवू?

आता जिना नाही, तर जेवायला तळघराच्या मागच्या दाराने निघतात आणि घराला वळसा घालून पुढच्या दाराने येतात, पाहुण्यासारखे. जेवून तसेच परत.

आज सकाळी सुतार तसाच वळसा घालून वर आला. "काकू, तुम्ही दोघं मिळून माझी फिरकी घेताय का? काका म्हणतात खांबच लाव. म्हटलं, खांब तुमच्या कॉटच्या मधोमध येतो. म्हणाले, येऊ दे. काकूंची खोली उकरायची नाही. आता मला सांगा, खाली झोपतं कोण? तुम्ही का ते?"

मी विचारलं, "कॉट कुठे नेणार म्हणाले?"

"तेही विचारलं. 'बघू' म्हणाले."

बघू! आता या 'बघू'चं मी काय करू? वर येणार, की गावाबाहेर पुतण्याची खोली रिकामी आहे तिकडे जाणार? परवाच दोनदा त्या खोलीचा विषय काढला होता. तिथे ऊन चांगलं येतं म्हणे. माझी खोली वाचवतायत, की माझ्यापासून सुटायची सोय बघतायत? एकदा वाटतं हे, एकदा वाटतं ते. सुतार उद्या लाकूड आणायला जाणार. त्याला आज सांगायचंय. खांब म्हटलं तर कॉट जाते, एवढंच नक्की. कुठे जाते, ते नाही.

बुधवार

पत्र टाकायचं राहिलं, म्हणून पुढे लिहिते.

काल मी फळ्या बाजूला केल्या, भगदाडाशी बसले आणि खाली बघून मोठ्याने म्हटलं, "अहो, मी खांब सांगतेय हं सुताराला!"

खाली रेडिओ बंद झाला. मग, "सांग."

झालं. एवढंच. मी सुताराला सांगितलं आणि नुसती घरभर फिरत राहिले. कपाटाचं दार उघडलं, लावलं.

जेवायला अजून अवकाश होता, तेवढ्यात पुढची बेल वाजली. दार उघडलं तर आधी गादी दिसली. गुंडाळलेली, आणि तिच्यामागे हे, धापा टाकत. दोन्ही हात अडकलेले, म्हणून कोपराने बेल दाबली म्हणे.

"ही कुठे ठेवू?" म्हणाले.

म्हटलं, "आधी चपला काढा."

रात्री खोलीत दोघंही जागेच होतो, एकमेकांना त्रास नको म्हणून न हलता. जिना झाल्यावर पुन्हा खाली जाणार का, हे मी विचारलेलं नाही. उत्तर मला माहीत आहे: 'बघू'. पुतण्याच्या खोलीचंही विचारलं नाही. मला अजून काहीच नीट कळलेलं नाही, अक्का.

पण आज सकाळी सुतार निघाला तेव्हा त्याला फाटकापाशी गाठलं. म्हटलं, खांब चांगला जाड आण. म्हणाला, "काकू, एवढ्या चौथऱ्याला जाडची काही गरज नाही."

म्हटलं, आहे.

गादीची एकच बाजू झटकून झालीय, तेव्हा इथेच थांबते,
तुझी धाकटी