परक्याचा हात

तुनिस, १४ नोव्हेंबर

प्रिय दलेंदाताई,

तुला आणि हेदीभाऊजींना सलाम. जैतुनाच्या झाडांची झोडणी उरकली का? भाऊजींना शिडीवर चढू देऊ नकोस. पत्र टाईप केलंय म्हणून चिडू नकोस, आधी वाच.

फोनवर तू ऐकूनच घेत नाहीस. "माझा नवरा मी यंत्राच्या ताब्यात देणार नाही. पोरांच्या सुंता तुझ्याच हातून केल्या, आता परक्याचा हात कशाला?" म्हणालीस आणि फोन आपटलास.

भाऊजींच्या उजव्या फुफ्फुसाचा वरचा भाग काढायचाय, गाठीसकट. छाती फाडावी लागत नाही. माझी रीत तुला ठाऊक आहे: बरगड्यांमध्ये एकच चीर, तिच्यातूनच दुर्बीण आणि हत्यारं. रोबोला चार छोटी भोकं लागतात, डॉक्टर बाजूला बसून यंत्राचे हात चालवतो. गाठ दोन्हींत सारखीच निघते, माणूसही लवकर उठून बसतो. मग जन्मभर एका चिरेचे गोडवे गाणारा मी रोबोवर का अडून बसलो? तू विचारलंसच, "यंत्रवाल्यांनी काही चारलं का रे तुला?"

नाही गं बाई.

तुझ्या थोरलीच्या साखरपुड्यात तू सगळ्यांसमोर ओरडलीस, "खिशात हात घालून काय बसलाय, मोठा साहेब! कुसकुसची परात धर की!" सगळे हसले, मीही हसलो. ताई, खिशातला तो हात थरथरत होता. उन्हाळ्यापासून थरथरतोय. कंपवाताची सुरुवात आहे म्हणतात.

रोबो ती थरथर गाळून टाकतो. कुणाला कळलं नसतं, आणि हात माझाच म्हणून तूही मानली असतीस. हाच बेत होता माझा. पण मोठी रक्तवाहिनी फाटली तर यंत्र सोडून धावावं लागतं, छाती उघडून ती बोटांनी दाबून धरावी लागते. तिथे माझी बोटं, आणि समोर आपले भाऊजी! मला फार भीती वाटली गं.

काल यामिनाला सगळं सांगितलं. माझ्याच हाताखाली शिकलेली पोरगी. ऑपरेशन ती करेल, एका चिरेनेच. आपल्या घरची नाही, पण हात पक्का आहे तिचा. मी भूल चढेपर्यंत भाऊजींच्या उशाशी बसेन. यापुढे चाकू धरणार नाही, कुणावरच नाही.

सोमवारी त्यांना घेऊन ये. सही मुद्दाम पेनाने करतोय, नीट बघ आणि मग यामिनाला हो म्हण.

तुझा धाकटा,

(वरची रेघोट्यांची सही ओळखू आली नाही तर)
नौफेल