स्कीमरच्या तळाचा पांढरा थर

राजूर (वणी),
दि. २३ मार्च २०२५

प्रिय जीवन,

जय भीम. रंजितावहिनीले नमस्कार, अन् तुह्या याडीले, आईले, माहा जय सेवालाल सांगजो. आमी इकडे बरे आहो. ऊन आतापासूनच चटके देऊन राह्यलं. दुकानात कुलरच्या मोटरांचा ढीग लागला आहे, वाइंडिंग करू करू बोटं सोलली. बाबाची तब्येत बरी आहे. पण दिवाळीपासून त्याईनं दुकानात पाय ठेवला नाही. त्याईनं परत यावं, एवढ्याचसाठी हे पत्र आहे.

फोन काहून नाही केला म्हणशीन. फोनवर तू गोष्ट हसण्यावारी नेतो, अन् मीबी तुह्यासंगं हसतो. आयटीआयपासून वीस वर्षं हेच चाललं. कागदावर तुले मधात बोलता येत नाही.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी तू तुह्या माशाच्या टाकीतला तो जुना स्कीमर घेऊन आलता, आठवते ना? म्हणे, "मी नवा घेतला, हा तुले. पंप जळेल आहे, पण तुह्या हाताले लागला तं नव्याच्या तोंडात मारीन." मले असं कोणी म्हटलं की मी फुगतो, हे तुले चांगलं माहीत आहे. माही खाऱ्या पाण्याची टाकी तवा नुकतीच जमली होती. आरओच्या पाण्यात पाकिटातलं मीठ कालवून केलेला समुद्र, तोही कोळशाच्या धुळीत, वाइंडिंगच्या दुकानात. खाणीवरचे ट्रकवाले चहा हातात घेऊन ते केशरी मासे पाहत उभे राहत. झिंगे होते, काचेवरचे शंख होते, पोवळ्याचा एक लहानसा तुकडा होता. पाण्यातली घाण फेसावाटे वर कपात काढून टाकणारं यंत्र तेवढं नव्हतं. ते तू आणलं.

मी त्या स्कीमरवर पंधरा दिवस घातले. जळेल पंपाच्या जागी कुलरचा पंप घेतला, त्याची कॉइल नव्यानं भरली, वरून एपॉक्सी ओतून पाण्याची वाट बंद केली. आतल्या फिरकीच्या काड्या कापून तिच्यावर नायलॉनची जाळी बसवली, म्हणजे बुडबुडे पिठासारखे बारीक. हवा कमीजास्त कराले दवाखान्यातल्या सलाईनच्या नळीचं चाक लावलं. पहिल्याच सकाळी कप काळ्या फेसानं भरला अन् दुकानभर वास सुटला. बाबा दुपट्टा नाकाले लावून म्हणे, "एवढी घाण होती अन् आपण शोभा म्हणून पाहत होतो बाप्पा." ते इतके हसले की खोकला लागला.

तळाशी पांढरा थर होता. मी घासाले गेलो तं तू म्हटलं, "घासू नको, ओरखडे पडतीन. मी व्हिनेगरनं धुतला आहे, नुसता चुना आहे तो." व्हिनेगरनं धुतला तं चुना राह्यला कसा, हे माह्या डोक्यात आलं नाही. मित्र म्हणते ना, मंग झालं.

तीन आठवड्यात झिंगे उताणे पडले. शंख काचेवरून गळून वाळूत पडले. पोवळं आक्रसून पांढरं पडलं. मासे मात्र ठणठणीत. तू येऊन टाकीतलं पेलाभर पाणी घेतलं, त्यात तपासणीचे थेंब टाकले, पाणी निळं झालं, अन् तू म्हटलं, "तांबं आहे. माशाले चालते, बाकीच्याईले जहर." मंग दुकानात नजर फिरवली. तारेची रिळं, जळेल कॉइलचा ढीग, माह्या नखातला भुगा. म्हणे, "इथं तांब्याशिवाय आहे काय?"

आता पुढचं लिहाले हात मागं येते. तू तिथंच बसून होता, तुले सारं माहीत आहे. पण मी हे कोणापाशी बोललो नाही, म्हणून लिहितो.

टाकीतलं पाणी उडून कमी होये, ते रोज सकाळी बाबा भरत. तू चहा पेता पेता म्हटलं, "उकंडाबाबाच्या हातातलं कडं पाह्य." तांब्याचं कडं. कोपर दुखे म्हणून आईनं वणीच्या जत्रेतून आणून देल्लं होतं. आई गेली तरी त्याईनं काढलं नाही. अन् मी, जीवन, दोन गिऱ्हाईकांसमोर बापाले म्हटलं, "तुम्ही जिथं हात लावता तिथं नास करता." ते मोरीत गेले, साबण लावून कडं काढलं, काउंटरवर ठेवलं अन् घरी गेले. तू बिस्किट चहात बुडवत होता. मले वाटलं, तुले बी वाईट वाटून राह्यलं.

या महिन्याच्या आठ तारखेले मी तुह्या घरी यवतमाळले गेलतो, तू नागपूरले गेलता. वहिनीनं चहा देल्ला. स्कीमरची गोष्ट निघाली तं सहज म्हणाली, "तो होय? त्या टाकीत हे दर आठवड्याले निळं औषध टाकत, माशाईले पांढरे ठिपके येत म्हणून. दोन वर्षं. माही बालटी निळी झाली, अजूनबी तशीच आहे." तिच्यावर रागावू नको. तिले माहीतच नव्हतं की ती काय सांगून राह्यली. ते निळं औषध म्हणजे तांबंच.

ऐकलं ते लगेच खरं मानाचं नाही, एवढी अक्कल तोवर आलती. घरी येऊन दोन बालट्या घेतल्या. दोन्हीत ताजं मीठपाणी. एकीत मी भरलेला पंप ठेवला, दुसरीत पंप काढून नुसता तुहा स्कीमर. दहा दिवसांनी तपासणीचे तेच थेंब टाकले. पंपाचं पाणी जसंच्या तसं. स्कीमरचं निळं. दोन वर्षांचं तांबं त्या पांढऱ्या थरात मुरलं होतं.

तू विसरला असशीन, असं मी दोन दिवस सोताले समजावलं. पण ते तुहंच औषध होतं, तुह्याच हातानं टाकेल. थेंबाचा रंग पाह्यल्या पाह्यल्या तुले समजलं होतं. "माह्या स्कीमरमुळे झालं" एवढं म्हटलं असतं तं मी दोन शिव्या देल्ल्या असत्या अन् आपण दोघांनी मिळून तळ घासला असता. तू म्हाताऱ्याच्या हाताकडे बोट दाखवलं. याले केसानं गळा कापणं म्हणतात. झिंग्याचं दुःख कवाच गेलं. हे जात नाही.

काल दोन्ही पाण्याच्या बाटल्या अन् ते कडं घेऊन बाबापाशी गेलो. सारं सांगितलं, तुहं नाव घेऊन सांगितलं. मले वाटलं ते तुले शिव्या घालतीन. त्याईनं बाटल्या उजेडात धरून पाह्यल्या, अन् मंग म्हणाले, "जीवननं लपवलं, ते त्याचं त्याच्यापाशी. तुनं मले इचारलं होतं काय, की बाबा, पाण्यात हात घातला काय? मी मगानं पाणी टाकत होतो. एक दिवसबी हात ओला नाही केला."

मी कडं पुढं केलं. त्याईनं हात पुढं केला नाही.

म्हणून तू ये. माह्यासाठी येऊ नको. बाबापुढे बस अन् तुह्या तोंडानं सांग, की तुले माहीत होतं. मले माफी मागू नको, माह्यापाशी ती द्याले नाही. मी सोताच त्याईच्या दारात मागत उभा आहे.

पत्राखाली "तुहा मित्र" लिहाची सवय आहे. आज ते लिहवत नाही. अन् ज्याईचा पोरगा म्हणून लिहितो, त्याईनं अजून मले हो म्हटलं नाही.

उकंडाबाबाचा पोरगा,
संघदीप