दोन उपचार आणि एक सभ्य माणूस

३ जानेवारी
आजपासून रोजनिशी. या बराकीत धड चार ओळी लिहू शकेल असा मीच. बायकांवरच्या अत्याचाराच्या गुन्ह्यांत आत आलेल्या सोळा जणांवर दोन उपचार चालू झालेत. आठ जण डॉक्टरांकडे, तिथे गोळ्या. आठ जण समुपदेशक बाईंकडे, तिथे गोलात खुर्च्या आणि गप्पा. एप्रिलअखेर ज्याच्यात फरक दिसेल त्याची लवकर सुटकेसाठी शिफारस होणार.
मला बाईंच्या गटात टाकलंय. चूकच आहे, माझं प्रकरण निव्वळ गैरसमजाचं. पण आलोच आहे तर दोन्ही उपचारांचा तुलनात्मक अभ्यास करून टाकतो. चौदा वर्षं ऑफिसचं स्टोअर सांभाळलंय. रजिस्टर कसं ठेवतात हे या लोकांना काय कळणार?
संकल्प: जूनच्या आत घरी.

१९ जानेवारी
गोळ्यांचा गट: दिवसभर पेंगतो. त्यातला एक न्हावी म्हणतो, आता डोक्यात काही येतच नाही. आधी तरी काय दिवे लावत होता? दहापैकी चार गुण.
गप्पांचा गट: नुसती रडारड. ट्रकवाला शर्टाच्या बाहीला नाक पुसतो. तीन गुण.
मी: काहीही उपचार न घेता दहा.

८ फेब्रुवारी, दुपार
बाई माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाच्या. विचारतात, त्या दिवशी स्टोअरमध्ये नेमकं काय झालं? सांगितलं, टायपिस्ट बाई फाइल न्यायला आल्या आणि त्यांचा गैरसमज झाला. समुपदेशक बाई म्हणाल्या, पुढे? पुढे काय, कोर्ट.
सत्र वाया. अडीच गुण.

२ मार्च
बायको भेटायला आली, नऊ महिन्यांनी. काचेपलीकडून एकच प्रश्न: कडी आतून कोणी लावली होती? म्हटलं, दार जुनं आहे, आपोआप अडकतं. म्हणाली, खरं सांगाल तेव्हाच आता येईन, आणि उठून गेली.
बायकांना नको त्या बारकाव्यांत फार रस.

११ एप्रिल
गृहपाठ. जिच्यावर अत्याचार केला, तिच्या जागी बसून पत्र लिहायचं. त्या वेळी तिला काय वाटलं, काय दिसलं, काय ऐकू आलं. बाकीचे सात ढ नुसते डोकं खाजवत बसले. ट्रकवाल्याने तर पाय धरले. शेवटी सातही जणांची पत्रं मीच लिहून दिली. हात असा सुटला की थांबेना.
माझं तीन ओळींत आटोपलं: साहेब सज्जन आहेत. माझाच गैरसमज झाला. क्षमस्व.

१२ एप्रिल
रजिस्टरात नोंद: गप्पांच्या उपचाराला यश आलंच, तर ते माझ्यामुळे. शिफारस नक्की. बायकोला कळवलं, जूनमध्ये येतोय, खोली आवरून ठेव.

२० एप्रिल
बाईंनी पत्रं मोठ्याने वाचायला लावली. सुरुवात ट्रकवाल्यापासून. तो अडखळत वाचायला लागला: त्याने कडी लावल्याचा आवाज आला. कपाटाचा कोपरा पाठीत रुतत होता. बाहेर शिपाई खोकला, पण माझ्या तोंडून आवाज फुटेना.
इथे तो थांबला. म्हणाला, बाई, माझं तर उघड्या माळावर झालं. तिथे कडी कुठली आणि कपाट कुठलं?
दुसऱ्याच्या पत्रातही कडी. तिसऱ्याच्याही. सातही पत्रांत कडी, कपाट आणि खोकणारा शिपाई. सगळे माझ्याकडे बघायला लागले. अडाण्यांना मजकूर आपापल्या जागेप्रमाणे बदलून घेता येत नाही, त्याला मी काय करू?
बाई रागावल्या नाहीत. सातही पत्रं माझ्यापुढे ठेवली आणि वर एक कोरा कागद.

३० एप्रिल
माझी शिफारस नाही. पुन्हा पहिल्या सत्रापासून. ट्रकवाल्याने या खेपेला स्वतःचं पत्र स्वतः लिहिलं. वेडंवाकडं, पाच ओळी. बाई त्याला म्हणाल्या, आता सुरुवात झाली.
मी सकाळपासून त्या कोऱ्या कागदापुढे बसलोय. एक ओळ झाली.
कडी मी लावली होती.
पुढे पेन चालत नाही. पेनच खराब आहे. दुसरं मागितलंय.