गळ्यावर टेकवलेली पट्टी

सर, तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण माझा राग आज समता कॉलोनीतल्या डॉक्टरीणबाईंसमोर बसल्या बसल्या नव्याने पेटला. नववीत तुम्ही गलगंड शिकवत होता त्या तासाला मला डुलकी लागली होती. तुम्ही मला पुढे बोलावलंत, हनुवटी वर करायला लावलीत आणि लाकडी पट्टी माझ्या गळ्यावर टेकवून म्हणालात, "देखो बच्चों, इसको कहते हैं घेंघा. फोटो देखने की ज़रूरत नहीं." वर्ग हसतो आहे आणि मी छताकडे बघत उभी आहे, कारण तुम्ही मान खाली करू देत नाही. त्यानंतर बीरगांवातल्या आमच्या पाऱ्यातली, म्हणजे मोहल्ल्यातली, पोरं मला घेंघा म्हणूनच हाक मारू लागली.

आई मला घेऊन चौबे कॉलोनीत तुमच्या घरी आली. हिंदी मुलखात आपला मराठी माणूस, त्यात विज्ञानाचा मास्तर. "सर, पोट्टी दिवसभर झोपून राह्यते. डॉक्टरले दाखवू का?" तुम्ही चहा पीत म्हणालात, "काहून घाबरता बाई? वयात येऊन राहिली, गाठ आपोआप बसते. आळशी आहे, कामाले लावा." आईनं लावलं. गाठ वाढतच गेली. श्वास अडायला लागला तेव्हा ऑपरेशन झालं, त्यात आवाजाची नस दुखावली. आज माझ्या मुलीला रस्त्यापलीकडून बोलवायचं तर मला टाळ्या वाजवाव्या लागतात.

डॉक्टरीणबाईंनी कागदावर काढून दाखवलं. गळ्यातली ही थायरॉईड ग्रंथी एक प्रथिन साठवून ठेवते. गरज पडली की पेशी त्याचे थेंब गिळून फोडतात, आणि त्यातून सुटलेलं संप्रेरक रक्तात जातं. जेवणात आयोडीनच नसलं तर पेशी कितीही फोडोत, हाती पुरेसं लागत नाही. मग मेंदू आणखी काम कर म्हणून हुकूम सोडत राहतो आणि ग्रंथी राबून राबून फुगते. "आलसी नहीं थी दीदी," त्या म्हणाल्या, "बेचारी ज़्यादा काम कर रही थी."

आणि हे तुम्हाला माहीत होतं, सर. त्या पट्टीनंतरच्या पुढच्याच तासाला तुम्ही फळ्यावर हेच लिहून दिलं होतंत, आयोडीनसकट. मग आईला, दवाखान्यात न्या, एवढं म्हणायला तुमचं काय जात होतं?

हे पत्र कुठे जायचं नाही. रागाच्या भरात मी आधी सगळीकडे 'तू' लिहिलं होतं, तुम्हाला तेवढं तरी लागावं म्हणून. नाही जमलं. मग बसून एकेक खोडलं आणि 'तुम्ही' केलं.