रास विचारणाऱ्या बाईची रेकॉर्ड

प्रिय शालूताई,

उद्या सकाळी पोफळीची माणसं आपल्या मुक्ताची पत्रिका न्यायला येणार आहेत, म्हणून आज तुला लिहायला बसले. तू हे जग सोडून गेलीस, त्याला वर्ष झालं. इतके दिवस लिहिलं नाही, कारण तुझ्यावरचा राग गेला नव्हता.

मुलगाही येणार आहे; तो तिथल्या वीजकेंद्रात आहे. त्याला आपली भाची आवडते, तिला तो. पण त्याची आई म्हणाली, "आमचं काही म्हणणं नाही हो. पत्रिका तेवढी बघू. रीत आपली." हे 'तेवढी' तू किती वेळा ऐकलं असशील?

संध्याकाळी मी तुझी रेकॉर्ड काढली. दादाने बोटीवरून आणलेली ती छोटी, एका बाजूला एकच इंग्रजी गाणं असलेली. भरदार गळ्याची ती बाई नाचाच्या ठेक्यावर एका पुरुषाला विचारते, तुझी रास कोणती? तू आग, मी पाणी, आपलं जमायचं कसं? पहिल्यांदा लावली तेव्हा तू शिलाईचं मशीन थांबवून माझ्याकडून ओळ न ओळ समजून घेतलीस. आजी दारातून म्हणाली, "काय गो, मडमांना पण मंगळ असतो काय?"

"असेल गो आजी," तू म्हणालीस. "पण तिथे बाई स्वतः विचारते. इथे माझ्याबद्दल भटजीला विचारतात."

आणि शेवटी ती म्हणते, राशी भांडू देत, तू नाचायला ये. तेव्हा तू किती हसलीस. "म्हणजे विचारते, पण ऐकत नाही. शहाणी आहे."

तुझ्या जन्माच्या वेळी घरात घड्याळ नव्हतं. "पाणी चढत होतं, दिवा लावलेला होता," एवढंच आजीने पत्रिका करणाऱ्या जोशांना सांगितलं. भरती तर दिवसातून दोनदा येते, आणि दिवा पहाटेही लागतो. जोशांनी तिन्हीसांज धरली आणि तुझ्या आठव्या घरात मंगळ बसवला. त्यापायी तुझी स्थळं परत गेली. पूर्णगडचा सदानंद आपल्या ओट्यावर बसून हीच रेकॉर्ड पुन्हा लावायला सांगायचा. त्याच्या घरच्यांनीही पत्रिका परत पाठवली, आणि तो गप्प बसला.

त्याच आठवड्यात आजी सहज बोलून गेली, "शालूच्या वेळी होड्या पाण्यात लोटत होते." होड्या लोटतात पहाटे! मी उठलेच. नवी पत्रिका करून घेते आणि पूर्णगडला नेते, म्हटलं. तू मशीनवरून मान वर न करता म्हणालीस, "नको. पहाटेची शालू चालते आणि संध्याकाळची चालत नाही, अशा घरात मला जायचं नाही."

एवढी कसली ऐट, ताई? नुसता एक कागद बदलायचा होता. माझा राग तो हाच.

आज वहिनी म्हणाली, "वन्सं, देऊन टाकू या. मुक्ताची वेळ इस्पितळातली, घड्याळावरची. घाबरायचं कशाला?"

"वेळ बरोबर आहे, वहिनी. विचारणंच चूक आहे."

माझ्या तोंडून हे आलं आणि कळलं, हे तुझंच बोलणं आहे. मला ते इतक्या उशिरा समजलं.

"भाषणं सभेत करा. लग्न मोडलं तर पोरीला काय सांगाल?"

मुक्ता आतून आली. "मोडायचं असेल तर त्याने मला तोंडावर सांगावं. आईच्या पाठीमागे लपू नये." तुझ्या वेळी सदानंदला हे कुणी म्हटलं असतं तर?

मुलगा काय करील, मला ठाऊक नाही. पण तुला शब्द देते. उद्या पाहुण्यांना चहा मिळेल, पोहे मिळतील, पत्रिका मिळणार नाही. मुलाला मुक्तासमोर बसवीन. काय विचारायचं ते दोघं एकमेकांना विचारतील, आणि त्यांचं बोलणं संपेपर्यंत आम्ही मोठी माणसं ओट्यावर बसून तुझी रेकॉर्ड ऐकू. पोफळीच्या बाईंनी अर्थ विचारला, तर ओळ न ओळ सांगेन.

तुझी,
सिंधू