बाराव्या नावाखाली

आधी पोरगे, मग त्यांचे पोरगे, आणि बायका शेवटी. ही तुझी रीत, बाबा, आणि ह्याच रीतीनं मला घराबाहेर काढायला घेतलंय. कसा आहेस ते मागनं विचारीन.

मिठागर आणि शेत सरकारनं घेतलं तेव्हा मोजणीवाला ओट्यावर बसलेला. घरातली माणसं तू सांगत होतास, तो लिहीत होता. मी, विधवा होऊन माहेरी आलेली, आत भाकऱ्या थापत होते. मोजणीवाला गेल्यावर तू म्हणालास, "तुजं पन नाव घातलंय गो." तेवढ्या बोलावर मी पंचवीस वर्षं मागच्या खोलीत निर्धास्त राहिले. आता त्या जमिनीच्या बदल्यात प्लॉट मिळतोय. यादीत नाव त्यालाच वाटा. भाचा म्हणतो, "आत्ये, हितं बिल्डिंग उठनार हाय, खोली पाडाया लागंल. नाव दाखव नि हक्कानं घर घे."

माझी नात पनवेलात पोरींच्या हॉस्टेलात राहून कॉम्प्युटरचं काम करते. ती यादी दाखवायचा प्रोग्राम तीच लिहिते. तिनं नेऊन दाखवलं. चौकटीत बारा नावं, सगळे पुरुष, पुढचं कापलेलं. मी ओरडले, "मेल्यांनो, बायकांना जागाच ठेवली नाय!"

"थांब गं आजी. लांब याद्या मावत नाहीत, म्हणून तर आज स्क्रोलबार घालतेय."

दुपार गेली तिची. मग चौकटीच्या उजव्या कडेला एक उभी पट्टी आली, वर एक बाण, खाली एक. पट्टी खाली ओढली की नावं वर सरकतात. मी बोटानं मोजत गेले. तेरावी आई. मग भावजया. शेवटी धाकटी बहीण, तेव्हा बिनलग्नाची होती ती. पट्टी तळाला टेकली.

"ओढ अजून."

"संपली यादी, आजी."

"तुझं मशीन अर्धवट हाय. माझा बाप खोटं बोलायचा नाय."

पोरीनं पट्टी दहादा खालीवर केली, डोळ्यांत पाणी आलं तिच्या. मशीन नीट चाललेलं. मला ते दुसऱ्या खेपेलाच कळलं होतं, तरी मी तिलाच बोल लावत राहिले. लग्न करून दिलेली पोर परत आली तरी घरात मोजत नाहीत, हे मला काय माहीत नव्हतं?

तिसरीपर्यंतच्या अक्षरांत हे लिहिलंय, पण तू मरून गेलास तिथं टाकायला पेटी नाय. सोमवारी भाचा पहार घेऊन येणार. मी कुठं जाऊ ते सांग. आईला पुढं करू नकोस, जन्मभर तीच तुझ्या वतीनं बोलली. भावालाही नको. तू बोल.